उजवा गाल

वाऱ्याची झुळूक लागली, तरी आईच्या उजव्या गालात वीज शिरल्यासारखी कळ उठायची. छोटी चिमी पापा घ्यायला झेपावली, की आई घाबरून तोंड फिरवायची. चिमीचं मग एकच पालुपद, “आई, मी काय केलं गं?”

डॉक्टर म्हणाले, “नसेवरचं आवरण झिजलंय. उघड्या वायरसारखी ठिणग्या उडवतेय ती. जाळून बंद करावी लागेल.”

उपचारानंतर कळ पार थांबली. घरी येताच आईने चिमीला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

“घे राणी, आता हवे तेवढे पापे घे.”

आई वाट बघत राहिली.

“घे ना गं. अजून रुसलीस होय?”

“अगं आई,” चिमी खुदकन हसली, “कधीची घेतेय की!”