एकुलती चिठ्ठी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. एकोणीसशे सदतीसची निवडणूक. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यात शेतमजुरांच्या नव्या पक्षाचा उमेदवार सुकदेव हा म्हाताऱ्या ठाकऱ्याआबाच्या ओट्यावर भाकरी खातोय, आणि आबाची नात रुपली त्याला वाढतेय. पाटलाच्या धाकाने दुसऱ्या कोणी त्याला ओट्यावर बसू दिले नव्हते, कारण सगळा पाडा पाटलाच्याच विहिरीचे पाणी पीत होता.

"भिवू नका, आबा," सुकदेव म्हणाला. "मत गुपित शे. कोनले दिधं, ते कोनलेच समजाव नही."

परतताना शेजाऱ्यांनी त्याला वाटेत गाठून हळूच सांगितले, "आम्हीबी तुन्हाच बाजूना, भाऊ."

मोजणी झाली. पाड्याच्या मतांत सुकदेवची एकच चिठ्ठी निघाली.

पाटील आबाच्या ओट्यापाशी येऊन थांबला. "आते कोनी दिधं, ते इचारानं कामच नही, ठाकऱ्या," तो हसत म्हणाला.

सकाळी रुपली विहिरीवर गेली, तेव्हा त्याच शेजाऱ्यांच्या बायका वाट अडवून उभ्या होत्या. रिकामी घागर घेऊन ती कोरड्या नदीत उतरली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली.