बटणांना नावं

"हेमांगी? ती दिवसभर नुसती बटणांना नावं ठेवत बसते," टीमचा प्रमुख परीक्षित सगळ्यांदेखत म्हणाला आणि स्वतःच हसला. हॉस्पिटलच्या ॲपचे चाळीस स्क्रीन त्यानेच वाटेल तसे रचले होते. तो पसारा आवरण्यात हेमांगीचा आठवडा गेला. तिने प्रत्येक प्रकारचं एक मूळ बटण बनवलं, त्याला नाव दिलं आणि सगळ्या स्क्रीनवरची तशी बटणं त्याला जोडली.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या डॉक्टर घारपुरे आल्या. "सत्तरीच्या पेशंटला हे ॲम्ब्युलन्सचं बटण दिसणार कसं? सगळीकडे मोठं करा. आत्ता, माझ्यासमोर."

"दोन मिनिटांत!" परीक्षित ऐटीत बसला आणि एकेक स्क्रीन उघडून एकेक बटण ओढू लागला. सातव्या स्क्रीनवर त्याला घाम फुटला. हेमांगीने मुद्दाम तोंड उघडलं नाही. बढाईखोराची अशी फजिती तिला रोज थोडीच पाहायला मिळत होती!

"कॉम्प्युटर फार स्लो आहे," तो पुटपुटला.

"उठा, सर." त्याच खुर्चीत बसून तिने मूळ बटण मोठं केलं. चाळीसही स्क्रीनवरची बटणं क्षणात मोठी झाली.

घारपुरेबाईंनी परीक्षितकडे पाहिलं. "कॉम्प्युटर तोच आहे ना?"