वाटीभर

पैज ठरली होती. मशीनने इंजिनातलं सगळं जुनं ऑइल ओढून घेतलं की झामसिंग मिस्त्रीने गाडीखाली जाऊन इंजिनाच्या तळाचा, चेंबरचा नट खोलायचा. वाटीभर तरी ऑइल खाली पडलं, तर लेकीने, योगेश्वरीने आणलेलं ते मशीन परत. नाही पडलं, तर आजपासून झामसिंगने गाडीखाली शिरायचं नाही.

"मागच्या महिन्यात चौघांनी ओढून बाहेर काढलं तुमाले," योगेश्वरी म्हणाली. "कंबर राहिली का तुमची?"

"कंबर माझी आहे. तुले काऊन दुखून राहिली?"

मशीन कसलं, नळी लावलेला डबाच तो. ऑइल बघायची पट्टी उपसून त्या भोकातून तिने नळी आत सोडली, वरचा दांडा पाच-सात वेळा मारला, आणि काळं ऑइल निमूटपणे वर चढू लागलं. झामसिंगला ते बघवेना. पाणी असो की ऑइल, खालीच जातं, एवढी अक्कल बैलालाही असते, असं पुटपुटत तो पोत्यावर आडवा झाला आणि विटांच्या ओट्यांवर चढवलेल्या गाडीखाली सरकला.

खाली गार होतं. तिरोड्याची दुपार गाडीच्या चारी कडांना उजेडाची पट्टी होऊन थांबली होती. कुठेतरी धानाची मळणी चालली होती. तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. इथून त्याला अख्खी वस्ती पायांवरून ओळखू यायची. भेगाळलेल्या टाचा खेमराजच्या. डावी चप्पल घासत येणारे उमेंद्र गुरुजी. आणि हे समोरचे, काळ्या सँडलमधले पाय, पूर्वी अनवाणी यायचे, 'बाबा, जेवाले चला' म्हणायचे. त्याला इथे फार बरं वाटायचं. म्हातारा तो फक्त बाहेर होता.

त्याने पाना लावला. नट सुटला. त्याने वाटी धरली.

एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसरा त्याने बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग काहीच नाही. वाटीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"झालं का, बाबा?"

"थांब. अजून एक येऊन राहिला."

सँडल हलल्या नाहीत. मग गुडघे टेकले, मग वेणी धुळीत पडली, आणि योगेश्वरी त्याच्या शेजारी तशीच जमिनीवर उताणी झाली. तिने वर पाहिलं. भोक कोरडं होतं. त्याखाली बाबांनी वाटी अजून तशीच धरून ठेवली होती.

"येऊन राहिला ना?" त्याने विचारलं.

तिने वाटीला खालून आपलाही हात लावला.

"हो, बाबा. मोठा आहे. वेळ लागन त्याले."