उडतानाचा फोटो

"बसलेल्या पक्ष्यांचे फोटो शेंबडं पोरही काढतं! जरा उडव की रे," कॅमेरा डोळ्याला लावत देशिंगकरांनी नावाड्याला फर्मावलं.

नावाड्यानं वल्हं पाण्यावर फाडकन आपटलं. धरणातल्या वाळूच्या बेटावर, भर उन्हात पंख पसरून आळसावलेले सुरय पक्षी कलकलाट करत एकदम आभाळात उठले. देशिंगकरांचं बोट बटणावरून हललं नाही. याच फोटोसाठी त्यांनी कितीतरी रविवार घालवले होते.

"मिळाला!" म्हणत त्यांनी स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि ते चरफडले. पुढचे सगळे सुरय धूसर आले होते. कॅमेऱ्यानं फोकस धरला होता मागच्या घारीवर. तिचं पीसन् पीस स्पष्ट होतं. आणि तिच्या नखांत वाळूच्याच रंगाचं, चोच वासलेलं इवलंसं पिल्लू.

त्यांनी दचकून मान वर केली. सुरय बेटावर वेड्यासारखे घिरट्या घालत होते. आळस कसला! ते पिल्लांवर सावली धरून बसले होते.

"न्हाय जमला व्हय?" त्यांचा उतरलेला चेहरा पाहून नावाडी कळवळला. त्यानं वल्हं पुन्हा उचललं. "थांबा सायेब, परत उडिवतो त्यास्नी."