लोडिंग होईपर्यंत

ऋताचा गेम लोड व्हायला लागला की बाबा स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन तिच्या टेबलाशी येत. सोसायटीतली भांडणं, सीवूड्सला भेटलेला जुना सहकारी, गुडघ्याचं दुखणं, सगळं तेवढ्यात सांगत आणि गेम सुरू झाला की वाक्य अर्धवट सोडून उठत. आज ती कॉम्प्युटर उघडून एसएसडी बसवत होती. बाबा कौतुकाने मोबाईलचा टॉर्च धरून बसले होते. "याने काय होणार गं?" "गेम झटकन उघडणार. लोडिंगची कटकटच संपली." "अजिबात थांबावं लागणार नाही?" "छे!" "अरे वा," म्हणत बाबांनी उठून स्टूल उचललं. "मग हे आत ठेवतो. उगाच तुझ्या पायात येईल." ऋताला मान वर करवेना. शेवटचा स्क्रू तिने मुठीत लपवला. "बाबा, स्क्रू पडला कुठेतरी. वेळ लागेल. बसा ना, काल गुडघ्याचं काय सांगत होतात?"