उकळलेली पत्ती

देवकाबाईनं खोलीचं दार अडवलं. आत तिची सून गुलाब कळांनी तळमळत होती, आणि ही बया म्हणे, "पेटी आत जाणार नाही."

रंभाबाई सानगडीची सुईण. वीस वर्षं गावातली बाळंतपणं तिनंच केली, तेव्हा कोणी दार अडवलं नाही. साकोलीच्या दवाखान्यात महिनाभर शिकून काय आली, हाती सरकारी पत्र्याची पेटी काय आली, घरच्यासारख्या माणसांचे डोळेच फिरले!

"काय भरलं हाय वं त्यात?" देवकाबाई म्हणाली. "मागच्या साली माणसं ट्रकमंदी कोंबून नेली नसबंदीले. आता बायांची पाळी हाय का?"

"नाळ कापाची पत्ती हाय, साबण हाय, दोरा हाय. पाहा ना." रंभाबाईनं पेटी उघडून दाखवली. "चुलीवर पाणी ठेवा. पत्ती उकळा लागते."

"कायले? घरी इळा हाय ना. गुलाबच्या दोन्ही खेपेले तुनंच इळ्यानं नाळ कापली, राख लावली. तवा काहून नाही उकळलं काही?"

सरकारचा हुकूम म्हणून सांगावं, तर ही पेटी अंगणात भिरकावेल. खरं सांगावं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ती दोन्ही लेकरं आठवड्याच्या आतच दूध सोडून, जबडा आवळून, ताठ होऊन गेली होती. बाहेरची हवा लागली म्हणाले सगळे, आणि रंभाबाईही त्यांच्यासंगं पोटभर रडली होती.

आत गुलाब किंचाळली.

"त्या इळ्यानंच गेली वो दोघं," रंभाबाई एका दमात बोलून गेली. "इळ्याचं, राखेचं इख नाळेतून अंगात गेलं. माह्याच हातानं गेलं. मले तरी कुठं मालूम होतं?"

देवकाबाई दारातून बाजूला झाली, चुलीवर पातेलं चढवलं, पाणी ओतलं आणि पेटीतली पत्ती स्वतःच उचलून त्यात टाकली.

"नाळ मी कापीन," ती म्हणाली. "तुहा हात नाही लागला पाहिजे लेकराले."

रंभाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि साबण पुढं केला.

"कोपरापर्यंत धुवा मंग," ती म्हणाली. "नखातलं शेण बी काढा."