दाढेची चाचणी

डॉक्टर मृणालिनीने चौकेकर मास्तरांच्या दाढेची कॅप तिसऱ्यांदा चाचणीला लावली. मास्तर उरलेल्या जन्मात जे जे खातील, ते सगळं कॉम्प्युटर त्या कॅपवर आधीच चावून बघत होता, वरणभातापासून सुपारीपर्यंत. कॅप फुटली की चाचणी थांबायची. याही वेळी चाचणी थांबली होती, पण कॅपला साधा तडा नव्हता. येत्या श्रावणातल्या एका सकाळच्या पोह्यांनंतर पुढे घासच नव्हते.

"टिकेल ना गं?" खुर्चीतून मास्तरांनी विचारलं. "दिवाळीला सुनेच्या हातची कडक चकली खायचीय."

तिने स्क्रीन मास्तरांना दिसणार नाही अशी वळवली.

"कॅप भक्कम आहे, मास्तर. पण चकलीसाठी दिवाळीपर्यंत कशाला थांबता? या रविवारीच करायला सांगा."